मारुतीचा बुधवारचा फोटो

नोकरीची सगळी वर्षं मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये छापलेल्या शीट तपासण्यात काढली. शाई फाकलीय का, नंबर सरकलाय का, कड तिरकी गेलीय का. आत मोबाईल न्यायचा नाही, त्यामुळे फोटोची सवय शून्य. रिटायर झालो तेव्हा मुलीने फोन हातात ठेवला. "बाबा, फिरा, फोटो काढा, रोज काहीतरी प्रेरणा मिळेल." प्रेरणा हा शब्द मला निरोप समारंभाच्या भाषणातला वाटतो, पण फोन चांगला होता.

पहिलं वर्ष वाया घालवलं. पावसाळ्यातल्या एका रविवारी हरिहर गडावर गेलो. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर रांग लागलेली. पुढच्याची सॅक आणि मागच्याची घाई. दोनशे फोटो काढले. घरी हिने त्यातले चार बघितले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली, ती परत आलीच नाही. तिचंही बरोबर होतं, असे फोटो तिने शंभर वेळा पाहिले होते.

त्यानंतर जे जमलं ते सांगतो. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी एकच जागा धरा आणि दर आठवड्याला त्याच वारी तिथे जा. मी गोदाघाट धरला, कारण तिथे नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आहे. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. गोदावरीला पूर आला की आकडे नंतर, आधी विचारतात, "पाणी कुठवर आलं?" उत्तर येतं, "मारुतीच्या कमरेला," "छातीला." मोजपट्टी असलेली जागा निवडण्याचा फायदा हा की काहीच घडलं नाही असं कधी होत नाही. तुमच्याकडे मारुती नसेल तर विहीर चालेल, गल्लीतलं उंबराचं झाडही चालेल.

वार बुधवार, कारण त्या दिवशी तिथे बाजार भरतो. पायरी ठरलेली; तिची एक कड तुटलेली आहे, तिथे डावा पाय. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा, म्हणजे पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा येतात. मारुतीची पावलं खालच्या रेघेवर, डोकं वरच्या रेघेवर. दोन बोटांनी झूम करू नका, चित्र फाटतं. चार पावलं पुढे जा. त्याला तोंडं दोन आहेत, आपण एक निवडायचं आणि मग बदलायचं नाही. काढण्याआधी लेन्स पुसा. निम्मे धुरकट फोटो हवेमुळे नसतात, खिशातल्या तंबाखूमुळे असतात.

वेळ सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासाची. जानेवारीत सातनंतर उजाडतं आणि थंडी कडक असली तर पाण्यावर वाफ दिसते. मेमध्ये सहाला पोचा, साडेसातला ऊन पांढरं पडतं. उजेड जास्त वाटला तर पडद्यावर उजळ भागावर बोट टेका आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. थोडं काळोखं चालेल, करपलेलं पांढरं दुरुस्त होत नाही.

ठरलेला फोटो झाला की मग मोकळे दहा. अकरावा नाही. ही अट मी स्वतःवर घातली आणि तिथपासून खरं बघायला लागलो. दहाच आहेत म्हटल्यावर माणूस फोन खिशात ठेवून आधी चालतो. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारणारा हात, तागडीत वजनाच्या जोडीला ठेवलेला दगड, ओल्या फरशीत उलटं दिसणारं देऊळ. माणसाचा चेहरा घ्यायचा तर विचारून. "काढू का?" एवढंच पुरतं, बहुतेक जण केस सारखे करतात. रामकुंडावर दशक्रियेला बसलेल्यांचा फोटो मी काढत नाही. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलेलं असतं, तिथे विचारणंसुद्धा बरं नाही.

महिन्यातून एकदा लांब जा. हिवाळ्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी. 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे फोनने पक्षी टिपायला जाऊ नका, काळे ठिपके येतात. दुर्बीण न्या, मनोऱ्यावर चढा आणि पहिला अर्धा तास फोन काढूच नका. मला तिथे जुनी नोकरी कामाला आली. पाण्यावर वारकऱ्यांचा थवा होता (पंढरीचे नव्हेत, काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, त्या पक्ष्याचं नावच वारकरी), सगळे एका छापाचे. शीटमध्ये शोधायचो तसं रांगेने नजर फिरवली. एक कड वेगळी निघाली. चोच पळीसारखी चपटी. थापट्या बदक! प्रेसमध्ये वेगळं निघालेलं बाजूला काढायचं असे. इथे त्या एकासाठी मी पाऊण तास बसलो. फोटो नाही आला. वहीत तारीख, वेळ आणि चोचीचं वाकडंतिकडं चित्र आहे. अशी चाळीस पानांची वही फोनइतकीच जरुरीची समजा.

श्रावण-भाद्रपदात अंजनेरीचा डोंगर. सोनकी, तेरडा फुलतो तेव्हा पायवाट सोडू नका. अंजनेरीचंच नाव लावणारी एक दुर्मिळ कंदीलपुष्पाची जात तिथे आहे. अशी फुलं गवतात बोटभर असतात आणि चांगला फोटो काढायच्या नादात बुटाखाली जातात. सापडलंच तर नेमकी जागा कुणाला पाठवू नका.

पांडवलेणी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके त्र्यंबकचे. सिनेमासाठी भांडवल उभं करायचं होतं तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि मिनिटभरात अख्खं रोप उगवताना लोकांना दाखवलं. हे वाचलं आणि मी माझे बुधवार छापून आणले. सगळे एकाच मापाचे, चार बाय सहाचे. फोनमध्ये ठेवू नका, छापाच.

गठ्ठ्याची एक कड घट्ट धरून नातवाने पत्त्यांसारखी फर्रकन सोडली. पाणी चढलं, मारुतीच्या गुडघ्यांपर्यंत आलं, उतरलं, चिखल आला, बाजार परत बसला. ही स्वयंपाकघरातून आली आणि गठ्ठा तिने चार वेळा फिरवला. मधे दोन ठिकाणी मात्र मारुती एकदम उडी मारतो. त्या दोन बुधवारी माझी तुटकी पायरी पाण्याखाली होती, म्हणून वर उभा राहिलो होतो. सवयीने मी ते दोन फोटो बाजूला काढले. हिने ते उचलले आणि परत गठ्ठ्यात, जिथल्या तिथे घातले.