मराठी व्याकरण आणि मन वळवणारे उतारे शिकवताना या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासाला सर्वांत जास्त वेळ प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते की कर्माप्रमाणे, हे ओळखण्यात जातो, आणि हाती फारसे लागत नाही. ‘मी आंबा खाल्ला’ असे फळ्यावर लिहून प्रयोग विचारा. अर्धा वर्ग ‘कर्तरी’ म्हणून ओरडतो आणि चुकतो. गाइडमधली युक्तीच तशी आहे: कर्त्याला ‘ने’ असेल तर कर्मणी, नसेल तर कर्तरी. ही युक्ती ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यातही तोंडघशी पडते. ‘ने’ आहे, पण प्रयोग भावे.

त्यापेक्षा कर्म बदलून बघायला लावा. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. क्रियापद कर्मामागे फिरले, म्हणजे कर्मणी. कर्ता बदलला तर ते हलते, तेव्हा कर्तरी. दोन्ही बदलूनही ढिम्म राहिले, तर भावे. कर्ता बदलताना सुरुवातीला ‘तू’ मात्र घेऊ नका. ‘तू आंबा खाल्लास’ हा संकर प्रयोग (क्रियापद कर्ता आणि कर्म दोघांमागे फिरते) मध्येच घुसतो आणि तास संपतो.

गोव्यात याहून जवळची वाट आहे, आणि ‘वर्गात कोकणी नको’ म्हणणारे ती स्वतःच बंद करतात. मुलांना विचारा: ‘हांव आंबो खातां’, पण खाऊन झाल्यावर? ‘हांवें आंबो खालो’. कर्त्याचे रूप बदललेले कानाला ऐकू येते. मराठीत दोन्हीकडे ‘मी’च राहतो, म्हणून पोर फसते. पुण्यातल्या मुलाला ही सोय नाही.

कोकणीच्या सवयीने ‘केलें’, ‘घरांत’ लिहिलेले दिसले की नुसती लाल रेघ मारू नका. मराठीत ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये, एवढे सांगितले की पुरते. ‘ताई आले’ हेही तिथूनच येते. कोकणीत तरुण मुलीला नपुंसकलिंग चालते.

आता उतारे. मोठी चूक म्हणजे व्याकरण सोमवारी आणि उतारा गुरुवारी. समजा, उताऱ्यात असे आहे: ‘डोंगर कापण्यात आला. झाडे तोडली गेली. पण विकास थांबता कामा नये, हे कोणीही मान्य करेल.’ मुले लिहितात, ‘लेखकाने विकासाचे महत्त्व सांगितले आहे.’ पाचपैकी तीन गुण, पुढचा प्रश्न. पण डोंगर कापला कोणी? वाक्यात कर्ताच नाही. प्रयोग शिकवून झाले असतील, तर इथेच ते कामाला लावायचे. ‘कंत्राटदाराने डोंगर कापला’ असे मुलांकडून लिहून घ्या आणि दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचायला लावा. मग ‘कोणीही’वर बोट ठेवा: किती जणांना विचारले? दावा आहे, पुरावा नाही.

कर्ता नसलेले प्रत्येक वाक्य लबाडीचे नसते, हेही त्याच तासाला सांगा. ‘ग्रामसभा बोलावण्यात आली आहे’ ही नोटिशीची साधी भाषा आहे. कर्ता लपल्याने कोणाचा फायदा होतो, हा प्रश्न महत्त्वाचा.

उतारा शंभर-सव्वाशे शब्दांचा पुरे. उपमा-अनुप्रासांची यादी करून घेणे म्हणजे विश्लेषण नव्हे. ‘अस्सल गोव्याचे काजू, इतरत्र फसू नका’ अशा जाहिराती सुरुवातीला ठीक, पण तिथेच थांबू नका; वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रे घ्या. एकाच वादावरची दोन्ही बाजूंची घ्या. एकच पत्र दिले, तर मुले सरांचे मत ताडतात आणि तेच उत्तर म्हणून लिहितात.