सोलमधलं सोकपाजोंग: आधी चित्रं की आधी वाडा?

सोलच्या बुआम-दोंग भागात 2012 साली उघडलेल्या सोल म्युझियम या कलासंग्रहालयाच्या पाठीशी इनवांगसान डोंगराच्या उतारावर सोकपाजोंग हा जुना वाडा आहे. मूळ मालक किम हंग-गन हे सरदार. पुढे तो कोरियाचा राजा कोजोंगचे वडील हंगसन देवोनगुन यांच्याकडे गेला.

वाड्याला रस्त्यावरून वेगळं दार शोधत बसू नका. तिकीट म्युझियममध्येच काढायचं, दालनं बघत वर चढायचं आणि वरच्या मजल्यावरून बागेत निघायचं. मात्र आकाश भरून आलं असेल तर क्रम उलटा करा: आधी वाडा, मग चित्रं. दालनं पावसातही बघता येतात. चढाची वाट ओली झाली की घसरते. सपाट, पकड असलेले बूट हवेत. खोल्या बाहेरूनच बघायच्या असतात, तेव्हा वेळ राखून ठेवा तो ओढ्यावरच्या छोट्या मंडपासाठी. त्याची घडण चिनी धाटणीची आहे, कोरियन वाड्यात हे क्वचितच दिसतं.

ग्योंगबोक्गुंग मेट्रो स्टेशनवरून 1711 किंवा 7016 बस घ्या, जाहामुन बोगदा ओलांडताच उतरा. रस्ता शोधायला नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन नकाशा-अ‍ॅप वापरा. शोधताना ‘सोकपारांग’ निवडलंत तर जेवणाच्या हॉटेलात पोचाल. अर्थात तेही अगदीच वाया नाही: या वाड्याचीच एक इमारत 1958 मध्ये तिथे हलवली होती. सोमवार-मंगळवार टाळा, आणि निघण्याआधी वेळ संकेतस्थळावर पडताळा.