इलेक्ट्रिक वाहन घेण्यापूर्वी : चार्जिंगची सोय आणि सवलतींचा हिशेब

महाराष्ट्रात इलेक्ट्रिक मोटार किंवा स्कूटर घेऊ पाहणारी बहुतेक कुटुंबे आधी शोरूम गाठतात, अनुदान किती मिळते याची चौकशी करतात आणि वाहन चार्ज कुठे करायचे हा प्रश्न गाडी दारात आल्यावर सोडवू लागतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. सवलती शासनाच्या आदेशाने सुरू होतात आणि मुदत संपली की बंद होतात. चार्जिंगची गरज मात्र वाहन आहे तोवर रोजची असते. म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी आपल्या पार्किंगच्या जागेपासून आपल्या मीटरपर्यंत वायर कोणत्या मार्गाने जाईल, हे प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे.

स्कूटरचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तिची बॅटरी साधारण 2 ते 4 युनिटची (किलोवॉट-तासांची) असते, चार्जर घरातल्या सॉकेटवर चालतो आणि काही मॉडेलमध्ये बॅटरी काढून घरात नेता येते. मोटारीचे तसे नाही. मोटारीबरोबर मिळणारा साधा चार्जर 15-16 अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे 3.3 किलोवॉटने चालतो, म्हणजे 30 युनिटची बॅटरी रिकामी असल्यास पूर्ण भरायला दहा तास सहज लागतात. रोज तीस-चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीला रात्रीचे दोन-तीन तासही पुरतात, त्यामुळे अशा कुटुंबाने भिंतीवरच्या 7.2 किलोवॉटच्या चार्जरसाठी वेगळा खर्च करण्याची घाई करू नये. हा मोठा चार्जर सिंगल-फेजवर सुमारे 32 अँपिअर विद्युतप्रवाह तासन्‌तास खेचतो. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, चार्जर कित्येक तास चालतो. म्हणूनच जुन्या वायरिंगवर तो जोडणे धोक्याचे असते. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, जादा भार आल्यास वीज तोडणारी स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट तपासलेले अर्थिंग असावे, आणि हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डवर मोटार कधीही चार्ज करू नये.

यानंतर विजेचे बिल हातात घ्यावे. त्यावर ‘मंजूर भार’, म्हणजे एका वेळी किती वीज वापरण्याची परवानगी आहे, ते लिहिलेले असते. अनेक घरांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॉटच असतो. त्यावर 3.3 किलोवॉटचा चार्जर, फ्रीज आणि एसी एकाच वेळी चालणार असतील, तर भार वाढवून घेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो. बिलाचा अंदाजही याच वेळी बांधावा. महिन्याला 1,000 किलोमीटर चालणारी छोटी मोटार एका युनिटमध्ये सुमारे 7 किलोमीटर जाते असे धरले, तर बॅटरीतून 143 युनिट खर्च होतात. चार्जिंग करताना होणारी गळती मिळवून मीटरवर ते 160 च्या आसपास पडतात. घरचा एरवीचा वापर 180 युनिट असेल, तर एकूण आकडा 340 वर जातो. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे बदलतात, म्हणून यातल्या 300 च्या पुढच्या 40 युनिटला वरचा दर लागतो. संपूर्ण बिल वरच्या दराने आकारले जाते, हा समज चुकीचा आहे. ज्यांच्याकडे वेळेनुसार दर मोजणारे टीओडी मीटर बसले आहे, त्यांनी स्वस्त तास कोणते आहेत ते पाहून चार्जरचे किंवा गाडीतले टायमर त्याप्रमाणे लावावे.

घरगुती जोडणीवर स्वतःचे वाहन चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुभा दिलेली आहे. मात्र मीटर वरच्या मजल्यावर आणि पार्किंग तळघरात असेल, किंवा घरगुती वापर आधीच जास्त असेल, तर चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्या जोडणीला इलेक्ट्रिक वाहनांचा स्वतंत्र दर लागू होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे अशी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क स्पष्ट झाला आहे. नव्या जोडणीची कमाल मुदतही त्याच दुरुस्तीने महानगरांत 3, इतर नगरपालिका क्षेत्रांत 7 आणि ग्रामीण भागांत 15 दिवस अशी ठरवली आहे.

सोसायटीत राहणाऱ्यांची खरी अडचण वीज कंपनीपेक्षा कमिटीत असते, आणि ती बहुधा भीतीपोटी असते : आग लागेल का, सामाईक बिल वाढेल का, उद्या प्रत्येकाने मागितले तर काय करायचे. या प्रश्नांना तोंडी वाद घालून उत्तर मिळत नाही. सचिवांना द्यायच्या अर्जासोबत आपल्या पार्किंगचा क्रमांक, वायर कोणत्या भिंतीवरून आणि कोणत्या पाइपातून जाणार याचे साधे रेखाटन, कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत, वीज आपल्याच मीटरवरून घेतली जाईल याची हमी आणि नुकसान झाल्यास भरपाईची तयारी, हे सर्व लेखी द्यावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. चार-पाच सभासद इच्छुक असतील, तर प्रत्येकाची वेगळी वायर ओढण्यापेक्षा सोसायटीच्या नावाने एकच जोडणी घेऊन प्रत्येकाच्या वापराची नोंद ठेवणारे सामाईक चार्जर बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडावा. ट्रान्सफॉर्मरवरचा एकूण भार वीज कंपनीला त्यामुळे एकदाच तपासता येतो. स्वतःचे छप्पर असलेल्यांनी छतावरच्या सौर संचासाठी असलेल्या पीएम सूर्यघर योजनेचाही विचार करावा. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान जाहीर झाले आहे, आणि तेवढा संच चांगल्या उन्हात महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट देतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या मोटारीची गरज त्यात भागूनही वीज उरते.

आता सवलतींकडे वळू. सर्वांत मोठी सवलत वेगळ्या अर्जाने मिळत नाही. ती किमतीतच असते. इलेक्ट्रिक वाहनांवरचा जीएसटी 1 ऑगस्ट 2019 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. पेट्रोलच्या छोट्या मोटारींवर सप्टेंबर 2025 च्या फेरबदलानंतरही 18 टक्के आणि मोठ्या मोटारींवर 40 टक्के जीएसटी आहे. दुसरी सवलत मोटार वाहन कराची. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीला महाराष्ट्रात वैयक्तिक मालकासाठी 12 टक्के कर आहे, म्हणजे बारा लाखांच्या गाडीमागे 1 लाख 44 हजार रुपये. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने, ज्याची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत आहे, हा कर माफ केला आहे. नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क केंद्राने ऑगस्ट 2021 मध्येच माफ केले होते. म्हणून डीलरने दिलेल्या कोटेशनमध्ये ‘आरटीओ’ या शीर्षकाखाली मोठी रक्कम दिसली, तर तिचा तपशील लेखी मागावा. नंबरप्लेट, हायपोथिकेशन (कर्जदात्या बँकेच्या बोज्याची नोंद), हाताळणी खर्च असे अनेक आकडे एका ओळीत मिसळलेले असतात. विम्यातही पाहावे : खासगी इलेक्ट्रिक मोटार आणि दुचाकीच्या तृतीय-पक्ष हप्त्यावर 2022 च्या अधिसूचनेने 15 टक्के सूट दिली आहे.

रोख अनुदानाबाबत मात्र सावध राहावे. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम-2 योजना 31 मार्च 2024 रोजी संपली. तिच्यानंतर 1 ऑक्टोबर 2024 पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीला पहिल्या टप्प्यात बॅटरीच्या क्षमतेच्या प्रति युनिट 5,000 रुपये, कमाल 10,000, आणि 2025-26 या वर्षात त्याच्या निम्मे अनुदान ठरले. खासगी मोटारींना या योजनेत अनुदान नाही. हे पैसे ग्राहकाच्या खात्यात येत नाहीत. आधारशी जोडलेल्या ई-व्हाउचरवर सही झाल्यावर ते बिलातूनच वजा होतात, त्यामुळे वजावट बिलावर छापलेली आहे ना, एवढे पाहिले की पुरे. राज्याच्या धोरणात दुचाकीला 10,000 रुपयांपर्यंत खरेदी प्रोत्साहन आहे, परंतु ते ठरावीक संख्येच्या वाहनांपुरते आहे. ज्या रकमेची वजावट बिलावर नाही, ती कर्जाच्या हिशेबात धरू नये. प्राप्तिकराच्या कलम 80ईईबीखालची दीड लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट आजही विक्रेते उत्साहाने सांगतात. ती 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. नव्या कर्जाला ती मिळत नाही.

टोलमाफी हा वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मोठा लाभ आहे. राज्याच्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ आहे. फास्टॅग वाहनाच्या योग्य क्रमांकाशी जोडलेला आहे का हे आधी तपासावे आणि प्रवासानंतर खात्यातली कपात पाहावी. चुकून कपात झाली असल्यास तिचा तपशील जोडून लगेच तक्रार नोंदवावी.

लांबच्या प्रवासाचे नियोजन चार्जरच्या प्रकारापासून सुरू होते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-2 आणि सावकाश चार्जिंगसाठी टाइप-2 हे प्लग चालतात. दुचाकींमध्ये अजून एकसारखेपणा नाही, म्हणून खरेदीपूर्वीच आपल्या रस्त्यावर कोणता प्लग उपलब्ध आहे ते पाहावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ‘ईव्ही यात्रा’ पोर्टलवर सार्वजनिक केंद्रे शोधता येतात. तेथे केंद्र दिसले तरी ते चालू असेलच असे नाही, तेव्हा चालवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर शेवटचे चार्जिंग कधी झाले ते पाहावे आणि त्या अ‍ॅपची नोंदणी व पैसे भरणे घरून निघण्यापूर्वी उरकावे. घाटात किंवा आडवाटेला नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते. सार्वजनिक चार्जिंगवर 18 टक्के जीएसटी असल्याने तिथला युनिट घरच्यापेक्षा बराच महाग पडतो. जलद चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग झपाट्याने उतरतो, त्यामुळे एकाच ठिकाणी पूर्ण भरण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडे थोडे भरणे वेळेच्या दृष्टीने बरे, आणि पुढचे केंद्र बंद निघाले तरी त्याच्या पलीकडच्या केंद्रापर्यंत पोहोचता येईल एवढा चार्ज प्रत्येक थांब्यावरून निघताना बॅटरीत असावा.