जुन्या गाडीचा इंजिन हार्नेस बदलताना

गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी चालू होते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते, अशी तक्रार एखाद्या वीस-पंचवीस वर्षे जुन्या पेट्रोल गाडीबद्दल असेल, तर सेन्सर, कॉइल आणि पंप यांवर खर्च करण्याआधी इंजिनाचा हार्नेस, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारा वायरींचा जुडगा, उघडून पाहावा. गोव्यात त्याच्यावर तिन्ही बाजूंनी हल्ला होतो. बार्देश किंवा सासष्टीच्या किनाऱ्यालगत खारी हवा कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खटकेदार प्लगमध्ये, शिरते. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे पावसाचे चार महिने बॉनेटखालची ओल हटत नाही आणि उंदरांना तीच जागा ऊबदार घर वाटते. उष्णता तर सगळीकडे सारखीच. वायरीच्या पीव्हीसी आवरणाला मऊ ठेवणारा घटक उष्णतेने हळूहळू निघून जातो आणि आवरण कडक होऊन तडकते. तडा एवढासा असला, तरी खारट ओल तांब्याच्या धाग्यांमधून दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशी पुढे सरकत जाते, त्यामुळे बाहेरून धड दिसणारी वायर आतून हातभर काळी निघू शकते.

तपासायच्या जागा दोनच सांगायच्या तर इनटेक मॅनिफोल्डखालचे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखालचे) वळण आणि एक्झॉस्टच्या बाजूने जाणारी फांदी. तेथली टेप चार बोटे उलगडावी आणि एक वायर अंगठ्यावर हलकेच वाकवावी. चांगली वायर वाकून पुन्हा सरळ होते. बिघडलेल्या वायरीचे आवरण वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखे कडकन फुटते आणि आत तांब्याऐवजी हिरवट भुकटी दिसते. असे एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ उंदराने कुरतडल्यामुळे, झाले असेल तर तेवढा तुकडा बदलून भागते. तीन-चार ठिकाणी आवरण तडकत असेल, तर डागडुजीत वेळ घालवू नये, कारण एक जोड घालताना झालेल्या हालचालीने शेजारच्या दोन वायरी फुटतात. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातील काही मर्सिडीझ गाड्यांच्या इंजिन हार्नेसचे आवरण तर मुळातच अल्पायुषी ठरले. तशा गाडीत दुरुस्तीचा विचारच करू नये.

मात्र निर्णय घेण्याआधी अर्थिंग, म्हणजे इंजिन व बॉडीची बॅटरीच्या ऋण खांबाशी असलेली जोडणी, तपासलेच पाहिजे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिन ब्लॉकच्या खरडलेल्या धातूवर धरून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी, तिच्या टोकाचे धातूचे कडे (थिंबल) किंवा बोल्टखालचा गंज हा आरोपी आहे. हार्नेस बदलायला निघालेल्या गाड्यांपैकी काही येथेच, एका पॉलिश पेपरच्या तुकड्यावर बऱ्या होतात, आणि तसे झाले तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

नवा हार्नेस जुन्या गाडीसाठी क्वचितच मिळतो. भंगारातील गाडीचा हार्नेस स्वस्त असतो, पण त्यानेही तेवढीच वर्षे तेवढीच उष्णता सोसलेली असते. म्हणून तो घ्यायचाच तर कपलरांसाठी घ्यावा, वायरींसाठी नव्हे. उरतो तो मार्ग जुन्याच्या मापावर नवा बांधण्याचा. हे काम स्वतः करा किंवा वायरमनकडून करून घ्या, एक अट पाळावी: जुना हार्नेस गाडीतून अखंड बाहेर आला पाहिजे, कारण तोच तुमचा नकाशा आहे. मी माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी अडकलेले तीन कपलर सोडवण्याचा कंटाळा करून फांद्या कापल्या होत्या. सारख्याच रंगाच्या दोन वायरींपैकी कोणती कूलंट सेन्सरची आणि कोणती हवेच्या तापमानाची हे शोधण्यात पुढचे दोन रविवार गेले.

सुट्टे करण्याआधी इंजिनाचे फोटो चारही बाजूंनी आणि प्रत्येक क्लिपजवळून घ्यावेत. प्रत्येक कपलरला कापडी टेपचा झेंडा लावून त्यावर पक्क्या शाईने क्रमांक टाकावा आणि वहीत त्यापुढे सेन्सरचे नाव, खाचांची संख्या आणि प्रत्येक खाचेतील वायरीचा मूळ रंग व पट्ट्याचा रंग लिहावा. रंग आवरणाच्या टोकाशी पाहू नये, कारण उष्णतेने पांढरा पिवळा आणि तपकिरी काळा दिसू लागतो. कपलरच्या आतला, झाकलेला भाग पाहावा. हे लिहिण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि सगळ्या कामाचा निम्मा वेळ खाते, पण पुढचा निम्मा त्यावरच चालतो.

बॅटरीचा ऋण खांब आधी सोडावा, मग धन. रेडिओला कोड असेल तर तो हाताशी ठेवावा. इंजिनाच्या कंट्रोल युनिटचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मोठा कपलर काढण्याआधी पाच मिनिटे थांबून, बॉडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी. कपलरचा प्लास्टिक खटका जुना झाला की तुटतो. म्हणून तो ओढू नये, कपलर आधी किंचित आत दाबून मग खटका उचलावा. फायरवॉलमधील, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातील, भोकाचे रबरी बूच (ग्रोमेट) कापू नये. कोमट साबणाच्या पाण्याने मऊ करून ते हार्नेससकट बाहेर सरकते.

बाहेर काढलेला जुडगा मोठ्या प्लायवुडवर गाडीत होता तसा पसरावा आणि वळणांवर खिळे ठोकून त्याची बाह्यरेषा आखावी. आता त्याच खिळ्यांमधून नव्या वायरी टाकायच्या आहेत. घरगुती फिटिंगची वायर येथे चालत नाही; ती जाड धाग्यांची, कंपनाने तुटणारी आणि पेट्रोल-तेल न सोसणारी असते. बारीक धाग्यांची वाहनाची वायर घ्यावी आणि एक्झॉस्टजवळच्या फांद्यांना १२५ अंश सेल्सियस सोसणारी क्रॉसलिंक आवरणाची वायर वापरावी. जाडी जुन्याइतकी: सेन्सरना बहुधा ०.५ चौरस मिलिमीटर पुरते, इंजेक्टर-कॉइलच्या पुरवठ्याला त्याहून जाड लागते, आणि अल्टरनेटरच्या मुख्य वायरीत तर काटकसर करूच नये. क्रँक सेन्सरची (इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरची) वायर जाळीदार कवचाची असेल तर तशीच घ्यावी व तिचे कवच जुन्यात जेथे जोडलेले होते त्या एकाच टोकाला जोडावे. दोन्ही टोके अर्थ केली की नको ते सिग्नल आत घुसतात. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला हात लावू नये, कारण अनेक सेन्सर त्या वायरीतूनच बाहेरची हवा आत घेतात. तेथे सोल्डर किंवा ग्रीस गेले की सेन्सर चुकीचे सांगू लागतो.

टर्मिनल, म्हणजे कपलरच्या खाचेत बसणारे वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे, बसवताना हात स्थिर हवा. कपलरचे दुय्यम लॉक आधी उचलावे, मग समोरून बारीक सुईने टर्मिनलची जीभ दाबून वायर मागे ओढावी. नव्या टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्यावर, मागची आवरणावर. रबरी सील आधी वायरीत ओवायचे, नंतर टर्मिनल. उलटे केले की पुन्हा कापावे लागते आणि प्रत्येक वायरमन हे एकदा तरी करतोच. दाबण्यासाठी त्याच मापाच्या जबड्याची क्रिम्पिंग पक्कड वापरावी, साधी पक्कड नव्हे. दाबण्याआधी धाग्यांना सोल्डर लावू नये, कारण मऊ सोल्डर काळाने पसरते आणि पकड ढिली होते. दाबल्यावर प्रत्येक वायर एकदा खेचून पाहावी. निसटली तर बरेच झाले, ती टेबलावरच निसटली.

मधले जोड शक्यतो टाळावेत. टाळता येत नसतील तर ते एकमेकांपासून थोडे दूर, वळणापासून बाजूला, आतून गोंद असलेल्या, उष्णतेने आकसणाऱ्या नळीत (हीट श्रिंक स्लीव्हमध्ये) झाकावेत.

टेप मारण्याआधी चाचणी. बीप वाजली म्हणजे वायर चांगली, हा समज सोडावा. एका धाग्यावरही मल्टिमीटर बीप देतो. हार्नेस दोन्ही बाजूंनी मोकळा असताना प्रत्येक वायरीतून १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवून पाहावा. सुमारे पावणेदोन अँपियर वाहतात, आणि बल्ब मंद असेल तर क्रिम्प (टर्मिनलची दाबून केलेली पकड) फसलेला आहे. शेजारच्या खाचांमध्ये शॉर्ट नाही हेही याच वेळी वहीशी ताडून पाहावे.

गुंडाळण्यासाठी कापडी टेप घ्यावी. साधी काळी टेप दोन उन्हाळ्यांत चिकट लगदा होते. बाहेरच्या नालीदार पाइपची फट खाली ठेवावी, म्हणजे आलेले पाणी गळून जाईल, आणि ग्रोमेटमध्ये शिरण्याआधी हार्नेसला थोडा झोल देऊन त्याचा तळ ग्रोमेटच्या खाली ठेवावा. हा झोल नसेल तर पावसाचे पाणी वायर धरून थेट फ्यूज बॉक्सपर्यंत येते. मूळच्या सगळ्या क्लिपा परत बसवाव्यात, एक्झॉस्टपासून अंतर ठेवावे, आणि इंजिन हलते व बॉडी हलत नाही हे ध्यानात घेऊन त्या दोहोंमध्ये थोडी सैल जागा सोडावी.

वीज देताना कंट्रोल युनिट अजून जोडू नये. बॅटरीचा धन खांब आणि त्याची केबल यांच्यामध्ये तोच २१ वॅटचा बल्ब घालावा. चावी बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कोठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे करंट मर्यादेत राहिल्याने काही जळत नाही. चावी इग्निशनवर फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरींसाठी बल्ब काढून केबल थेट जोडावी, इंजेक्टर आणि कॉइल सोडून ठेवाव्यात आणि एकेक फ्यूज काढून त्याच्या जागी बल्ब लावत जावे. सगळे शांत असेल तर बॅटरी पुन्हा सोडून कंट्रोल युनिट आणि उरलेले कपलर जोडावेत.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आयडल (उभ्या गाडीतील इंजिनाचा संथ वेग) पहिले काही मिनिटे वरखाली होईल, कंट्रोल युनिट पुन्हा शिकते आहे. ते स्थिरावले की हार्नेसची प्रत्येक फांदी हाताने हलवावी, इंजिन जराही अडखळले तर तेथला क्रिम्प पाहावा. मग गाडी पूर्ण गरम करून बंद करावी, वीस मिनिटे थांबावे आणि पुन्हा चालू करावी, कारण मूळ तक्रार नेमकी तेव्हाच येत होती.

हे सगळे मृग लागण्याआधी, मे महिन्यातच उरकावे. लेबले लावलेला जुना हार्नेस वहीसकट पोत्यात भरून चवथीपर्यंत माळ्यावर ठेवावा. पहिल्या मुसळधार पावसात काही अडलेच, तर विचारायला तोच असेल.