कोणी सोडून दिलेले ‘लव्हबर्ड’ घरी आले तर कसे सांभाळायचे, कसे माणसाळवायचे

आमच्या गावात भाड्याने राहणारे एक सर बदली होऊन गेले आणि पिंजरा ओसरीतच ठेवून गेले. घरमालकीण काकूंनी दोन दिवस तांदूळ टाकले आणि मग पिंजरा उचलून आमच्या घरी, "तुमच्या पोराले हौस हाय ना, घ्या." चार पक्षी, पाण्याच्या वाटीत हिरवं शेवाळ, आणि कोणी जवळ गेलं की चारही जण एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर.

आबाजींचं पहिलं वाक्य, "कायले कोंडता त्यायले, उडवून द्या, पुन्न लागन."

तर सगळ्यात आधी हेच, उडवून देऊ नका. आपल्याकडे ज्याला सगळे लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजी (बजरीगार) नावाचा छोटा पोपट असतो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८४० मध्ये जॉन गूल्ड नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने जिवंत जोडी इंग्लंडला नेली आणि तेव्हापासून याच्या पिढ्याच्या पिढ्या पिंजऱ्यात जन्मल्या. याला बाहेर दाणा शोधता येत नाही, आणि निळा-पिवळा रंग तर लांबूनच दिसतो, कडुलिंबावरचे कावळे किंवा शिक्रा त्याला संध्याकाळ बघू देत नाहीत. मात्र पिंजऱ्यात लाल चोचीचा आपला हिरवा राघू असेल तर गोष्ट वेगळी, तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्याला वनविभागाकडे द्या, १९२६ वर फोन लागतो.

पहिले दोन-तीन दिवस

पिंजरा भिंतीला टेकून, साधारण छातीच्या उंचीवर, घरातल्या माणसांची ये-जा दिसेल पण अंगावर येणार नाही अशा जागी. चुलीजवळ नको, स्वयंपाकघरात तर नकोच, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने हे पक्षी काही मिनिटांत मरतात. रात्री ओसरीत टांगून ठेवू नका, मांजराचं तर सोडाच, सापही चढतो. जाळीची फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसावी.

आणि पिंजऱ्यात मडकं असेल तर काढून टाका. दुकानदार मडक्यासकटच देतात म्हणून लोकांना वाटतं ते त्याचं घर आहे, पण ती अंडी घालायची जागा आहे, मडकं राहिलं की मादी राखण करत बसते, चावते, आणि अशक्त मादीच्या पोटात अंडं अडकून ती जाते सुद्धा. झोपायला काडी पुरते. काडी म्हणजे प्लास्टिकची गुळगुळीत नाही, कडुलिंबाची नाहीतर पेरूची फांदी, कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे पायाला फोड येत नाहीत.

घरी कोंबड्या किंवा दुसरे पक्षी असतील तर नवे पाहुणे ३० दिवस वेगळ्या खोलीत. विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा, तिच्या धुळीतून माणसाला न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो, त्यामुळे हात धुणं आलंच.

दाणा: भरलेली वाटी आणि उपाशी पक्षी

हे नीट वाचा, कारण सांभाळलेले बजी यातच जास्त मरतात असं माझं मत झालंय. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच पडतं. वरून बघितलं की वाटी काठोकाठ भरलेली, आपण म्हणतो आहे अजून. आमच्याकडे आलेल्या पिंजऱ्यातल्या वाटीवर मी सहज फुंकर मारली तर पांढरा भुसा सगळा उडाला आणि तळाला आठ-दहा दाणे. रोज सकाळी फुंकर मारायची, मग वरून नवा दाणा.

दाणा म्हणजे राळा आणि बाजरी, दुकानातला मिक्स दाणा चालतो. नुसत्या दाण्यावर मात्र यकृतात चरबी धरते, म्हणून मेथी, पालक, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. पहिल्या दिवशी खाणार नाहीत. ओली कोथिंबिरीची जुडी कपड्याच्या चिमट्याने जाळीला अडकवा, आधी ते तिच्यात अंग घासून आंघोळ करतात, मग कुरतडतात. पण भाजी घरामागच्या वाफ्यातली घ्या, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावरची नको. कीटकनाशकाची फवारणी काय असते हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं, धडधाकट माणसं गेली, या जीवाचं वजनच ३०-४० ग्रॅम. कॅल्शियमसाठी समुद्रफेस लावा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. चिवडा, चहा, चॉकलेट, कांदा, मिठाचं काही, हे पोट्टे लाडाने देतात तिकडे लक्ष ठेवा.

पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. अशक्त दिसला म्हणून चोच उघडून ड्रॉपरने पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं.

आजारी आहे का?

बजी आजार लपवतो, दिसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अंग फुगवून तळाशी बसलाय, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होतेय, विष्ठेच्या जागी नुसतं हिरवं पाणी, ही लक्षणं दिसली की थांबू नका. चोचीवर पांढरी खरबरीत साल चढली असेल तर ते किडे असतात, औषध आहे पण डॉक्टरनेच थेंब मोजून द्यायचं, तेल-हळद करत बसू नका. तालुक्याचा दवाखाना गाई-बकऱ्यांचा असला तरी दाखवा, जमलं तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय. तोवर ऊब द्या, ४० वॅटचा पिवळा बल्ब पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून, म्हणजे गरम झालं तर तो दुसरीकडे सरकू शकतो. एलईडीने ऊब येत नाही.

पकडायची वेळच आली तर खोलीत अंधार करा आणि पातळ दुपट्ट्याने धरा. छाती दाबू नका, पक्ष्याला छाती हलवूनच श्वास घेता येतो, मुठीत घट्ट धरला की नाक मोकळं असूनही गुदमरतो.

आता माणसाळवणं

या पक्ष्याला तुमची भीती नाही, हाताची आहे. त्याच्या आयुष्यात हात आला तो पकडायलाच आला. म्हणून एकच नियम, हात पक्ष्याच्या मागे जाणार नाही, पक्षी हाताकडे येईल.

पहिला आठवडा हातच नाही. मी संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसून पेपर मोठ्याने वाचायचो, कापसाचे भाव वगैरे, घरच्यांना वाटलं याचं काही बिनसलं. पक्षी तुमच्यासमोर दाणा खायला लागला, चोच घासायला लागला, की पुढे जा. मग हात पिंजऱ्याबाहेर जाळीवर नुसता ठेवायचा. मग दार उघडून हात दारात, हातात बाजरीचं कणीस, हिवाळ्यात हुरड्याचं कोवळं कणीस मिळालं तर लॉटरीच. हात हलवायचा नाही, डोळे रोखून बघायचं नाही. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, बस.

आमच्याकडे अकराव्या दिवशी हिरव्या नराने मान एवढी लांब केली की पाय काडीवर आणि चोच कणसात, एक दाणा तोडला आणि पळाला. दुसऱ्या दिवशी तीन दाणे. मग कणीस बोटाच्या मागे धरलं तसा एक पाय बोटावर ठेवला, गरम, कागदासारखा हलका. इथे सगळे घाई करतात, पाय ठेवला की बोट उचलतात आणि आठवडाभराची मेहनत जाते. बोट तसंच ठेवा, दोन्ही पाय येऊ द्या, खाऊ द्या, जाऊ द्या.

कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतील तर पिल्लू आहे, लवकर शिकेल. नाकाची जागा निळी तो नर, तपकिरी ती मादी (पांढऱ्या-पिवळ्या पक्ष्यांत हे चुकतं), मादी जरा जास्त चावते. चावली तरी हात झटकू नका, ओरडू नका. आमची एक मादी आठ महिने झाले अजून बोटावर येत नाही, बाकीचे खात असले की लांबून बघते, तिला आम्ही तसंच सोडलंय.

उन्हाळा

मे महिन्यात ४५ डिग्रीला चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसले तर समजा उन्हाने बेजार झाले. सावलीत आणा, बारदाना ओला करून एका बाजूला टाका, आंघोळीला पसरट ताटली द्या. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि गार पाणी अंगावर ओतू नका.

पिंजऱ्याबाहेर

बोटावर येतात तेव्हाच बाहेर काढा, उपाशी पोटी, दाणा पिंजऱ्यात ठेवून. पंखा बंद, आरसा झाकलेला, पाण्याची बादली झाकलेली, खिडकीला पडदा. पहिल्या दिवशी हिरवा थेट कवेलूच्या खालच्या लाकडी फाट्यावर जाऊन बसला आणि दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच. त्याच्यामागे बांबू घेऊन धावू नका, भूक लागली की उतरतो, नाहीतर अंधार करून दुपट्टा. आबाजी तेवढा वेळ दारात काठी घेऊन बसले होते, मांजर येऊ नये म्हणून.