घरचं माणूस कोलवाळहून सुटणार असेल तर तयारी आधीच करा

माझा धाकटा भाऊ गोव्यातल्या कोलवाळ जेलमधून सुटला तेव्हा आम्हाला वाटलं गेटवर जायचं, त्याला गाडीत बसवायचं नि डिचोलीला घरी आणायचं, झालं. आठ दिवसांत कळलं की खरी धावपळ तर आता सुरू झालीय, आणि त्यातली अर्धी कामं तो आत असतानाच उरकता आली असती. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी हे लिहितेय. ज्यांच्या घरचं कोणी कोलवाळच्या सेंट्रल जेलमध्ये आहे त्यांनी नीट वाचा, आज लाज वाटत असली तरी वाचा.

सरकारने विचारच केलेला नाही असं नाही हं. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये सुटकेनंतरच्या पुनर्वसनावर वेगळं प्रकरण आहे आणि त्याचं म्हणणं असं की ही तयारी माणूस आत गेल्यापासूनच सुरू व्हायला हवी. पण जेल, कोर्ट, पोलीस स्टेशन, पंचायत, मामलेदार ही सगळी वेगळी ऑफिसं, एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही, कोणीतरी तो हातात धरून न्यावा लागतो. आमच्या घरात तो मी नेला. तुमच्याही घरात आत्ताच एक माणूस ठरवा, सगळे मिळून बघू म्हणाल तर कोणीच बघत नाही.

दोन-तीन महिने आधी काय करायचं ते सांगते. भेटीला जाल तेव्हा नुसतं रडून परत येऊ नका, जेलच्या ऑफिसात विचारा की माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, धरून सुटकेची तारीख नक्की कोणती, आणि दंड भरायचा राहिलाय का. हा दंड लोक विसरतात! शिक्षा संपते पण दंड भरला नाही तर त्याच्या बदल्यात आणखी कैद भोगावी लागते, आणि घरच्यांना वाटतं तारीख उलटली तरी सोडत का नाहीत. पैसे नसतील तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, २०२३ साली ती आली तेव्हा दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि कच्च्या, म्हणजे केस अजून चालू असलेल्या, कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० पर्यंत मदत ठरली होती. एनडीपीएस (ड्रग्ज), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या केसेस त्यातून वगळल्या होत्या. ही मदत आपोआप येत नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विषय जावा लागतो. त्यांचा फोन १५१००, फुकट आहे, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळायचा कायदाच आहे, १९८७ चा. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते, पणजीला धावायलाच हवं असं नाही.

जामीन मंजूर झालाय पण माणूस अजून आतच आहे असं असेल तर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय, ऑर्डरनंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेलने हे विधी सेवावाल्यांना कळवायचं. कळवलंय का ते तुम्ही विचारा, न घाबरता विचारा.

आत काम केलं असेल तर मजुरीचा हिशेब मागा. कैद्याला कामाचा वाजवी मोबदला मिळाला पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच म्हटलंय, ते पैसे त्याच्या घामाचे आहेत. गोळ्या चालू असतील तर औषधाची चिठ्ठी आणि रिपोर्ट बाहेर पडतानाच हातात घ्या. टीबीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्यांमध्ये चार दिवसांचा खंडसुद्धा नको.

सुटकेच्या दिवशी सकाळपासून वेळ मोकळा ठेवा, कागद यायला संध्याकाळ होऊ शकते. सुटकेचा दाखला मिळाला की म्हापशाला उतरून आधी पाच झेरॉक्स काढा. आणि त्याच रात्री नातेवाइकांना जेवायला बोलावू नका प्लीज, आम्ही ती चूक केली, बारा माणसं जमली आणि तो ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

आता पहिल्या आठवड्यातले कागद, इथे क्रम फार महत्त्वाचा आहे कारण एकावाचून दुसरं अडतं. आधी मोबाईल नंबर. जुनं सिम वापरात नसलं की बंद होतं, तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळालेला असू शकतो आणि तुमच्या माणसाचा ओटीपी तिकडे जातो. म्हणून नवीन सिम, मग आधार सेंटरला जाऊन आधारला तो नंबर जोडायचा, मगच बँक. दोन वर्षं व्यवहार झाला नसेल तर खातं निष्क्रिय होतं, केवायसी देऊन ते परत चालू करता येतं आणि त्यासाठी बँकेने चार्ज घ्यायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग रेशनकार्डावर नाव आहे की कमी झालंय ते बघा, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाचंही तसंच. मतदानाचा हक्क जातो तो फक्त आत असेपर्यंत, बाहेर आला की तो मतदार आहे, यादीतून नाव उडालं असेल तर सहा नंबरचा फॉर्म भरायचा. ड्रायव्हिंग लायसन्स संपून एक वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, पायलटचा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचा, किंवा टेम्पोचा धंदा करायचा विचार असेल तर हे आधी धरा.

जामिनावर सुटलेला असेल तर केस अजून संपलेली नाही हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायचं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर कोर्टाच्या तारखा लाल पेनाने लिहायची आणि पोलीस स्टेशनला हजेरी लावायचे दिवस निळ्याने. गोव्याबाहेर जायला परवानगी लागते का ते ऑर्डरमध्ये वाचा, कुडाळला लग्नाला गेला नि बेल धोक्यात आली असं व्हायला नको.

कामाचं म्हणाल तर आपल्याकडे सगळे आधी गल्फ नाहीतर बोटीवरची नोकरी म्हणतात. केस चालू असेल तर पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर शिक्षा झाल्यापासून पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो, त्यामुळे एजंटला पैसे देण्याआधी वकिलाला विचारा. एजंट म्हणेल सगळं होतं, त्याचं ऐकू नका. कंपनीच्या फॉर्मवर शिक्षेबद्दल विचारलं असेल तर खोटं लिहू नका, पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये ते बाहेर येतंच. माझ्या भावाला दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी, एका वेल्डिंगच्या शेडवर, आमच्या ओळखीच्या काकांनी मालकाला आधी सगळं खरं सांगून ठेवलं होतं आणि तिथे काम मिळालं. अर्जापेक्षा शब्द टाकणारं माणूस शोधा, पंच असो, देवस्थान कमिटीतलं कोणी असो, शाळेतले जुने सर असोत.

आणि आता सगळ्यात गंभीर गोष्ट. आधी ड्रग्जचं व्यसन असेल तर पहिले काही आठवडे जिवाला धोका असतो, कारण आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीएवढाच डोस घेतला तर माणूस जाऊ शकतो. ही भीती घालत नाहीय, हे खरंच असं होतं. बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे घेऊन जा, ओरडून व्यसन बंद होत नाही. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

घरात काय होतं हे कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं. माझा भाऊ दाराशी जाऊन उभा राहायचा. दार उघडंच असायचं, पण कोणी जा म्हटल्याशिवाय तो बाहेर पडायचा नाही. एकदा न्हाणीच्या दाराशी थांबून मला म्हणाला, "ताई, जाऊ?" मला रडू आलं पण मी फक्त जा म्हटलं. नंतर आम्ही छोटे छोटे निर्णय मुद्दाम त्याच्यावर टाकायला लागलो, आज बाजारातून कुठले मासे आणायचे, बस किती वाजताची पकडायची. आणि किल्ली. घराची एक किल्ली करून त्याच्या खिशात दिली, ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वाड्यावर लोक विचारणारच. गल्फला होता वगैरे सांगू नका, सगळ्यांना माहीत असतं. एकच वाक्य ठरवा, "शिक्षा झाली होती, संपली, आता घरी आहे," आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगायचं, पुढचे तपशील कोणालाही द्यायचे नाहीत. त्याला घरात लपवूनही ठेवू नका. पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आई म्हणत होती की माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, यंदा दुसरं कोणीतरी बांधू दे, लोक येतात जातात. मी ऐकलं नाही. तो स्टुलावर चढला, सुपारीचा घड बांधला, नारळ बांधायला घेतला, तेवढ्यात शेजारचे काका आत आले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरे तो नारळ जरा डावीकडे घे, वाकडा दिसतोय." त्याने घेतला.