ओपन सोर्स लायसन्समधलं पेटंट: या चुका टाळा

दर ऑडिटला तेच. डिपेंडन्सीची, म्हणजे प्रॉडक्टमध्ये वापरलेल्या बाहेरच्या कोडची, लांबलचक शीट येते, लायसन्सच्या कॉलममध्ये एमआयटी, बीएसडी, अपाची, आणि शेजारच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत "ओके". पेटंटचं काय पाहिलंत विचारलं की उत्तर ठरलेलं, "ओपन सोर्स आहे ना सर". म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोडला लायसन्स आहे म्हणजे पेटंटचीही परवानगी आली असं धरून चालणं. कोड लिहिणारा फक्त स्वतःकडे आहे तेवढंच देऊ शकतो. अपाची २.० च्या कलम ३ मध्ये पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिली आहे, पण ती कंट्रिब्यूटर्सच्या पेटंटची, आणि तीही त्यांनी दिलेल्या कोडपुरती. तिसऱ्याच कंपनीचं पेटंट असेल तर लायसन्स कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

पुण्यातल्या एका टीमचं उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, त्यात ओपनएच२६४. ही सिस्कोची लायब्ररी, सोर्स बीएसडी लायसन्सखाली. एच.२६४ या कोडेकवर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) बऱ्याच कंपन्यांची पेटंट्स, त्यांची फी सिस्को भरते, पण फक्त सिस्कोने स्वतः बिल्ड केलेल्या बायनरीसाठी (सोर्सपासून बनवलेली तयार फाइल), आणि ती बायनरीसुद्धा युजरच्या मशीनवर वेगळी डाउनलोड व्हायला हवी, इन्स्टॉलरमध्ये घालून द्यायची नाही. फायरफॉक्स तसंच करतं. आमच्या या मंडळींना डाउनलोडची वाट बघायची नव्हती, फायरवॉलचीही कटकट होती, म्हणून सोर्स क्लोन केला, आपल्याच सर्व्हरवर बिल्ड मारला आणि इन्स्टॉलरमध्ये टाकून मोकळे झाले. लायसन्स तपासणाऱ्या स्कॅनरने बीएसडी दाखवलं, हिरवी खूण आली, विषय संपला.

रिलीजच्या तोंडावर क्लायंटच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, ही फाइल कुणी बिल्ड केली? लॉग उघडला तर आपलाच सर्व्हर. करारात इन्डेम्निटीचा क्लॉज होता, म्हणजे पेटंटचा दावा आला तर खर्च आपल्या कंपनीच्या डोक्यावर. रिलीज थांबली, इन्स्टॉलर नव्याने लिहावा लागला, आणि दोन मिनिटं वाचवायला गेलेल्या पोरांचे वीकेंड गेले. तेव्हापासून यादीत कोडेक दिसला की मी लायसन्स नंतर वाचतो, आधी बिल्ड स्क्रिप्ट उघडून बायनरी कुठून आली ते बघतो. स्कॅनर तेवढं सांगत नाही.

"भारतात सॉफ्टवेअरला पेटंट नसतं" हेही फार ऐकतो. पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं, बरोबर. पण माल अमेरिकेत विकला जाणार असेल तर कायदा तिथला लागतो, कोड हिंजवडीत लिहिला म्हणून सुटका होत नाही.

दुसरी माझ्या खास रागाची चूक, फक्त लायसन्स नावाची फाइल वाचणं. रिअ‍ॅक्टचं प्रकरण नवीन पोरांना माहीतच नसतं. वेबसाइटचे स्क्रीन बनवायची ही फेसबुकची लायब्ररी. २०१४ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट अपाचीवरून बीएसडीवर नेलं आणि शेजारी पेटंट्स नावाची वेगळी फाइल ठेवली. तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा लावलात, मग त्याचा रिअ‍ॅक्टशी काही संबंध नसला तरी, तुमची पेटंटची परवानगी संपली. लोक बीएसडी एवढंच वाचून वर्षानुवर्षं वापरत राहिले. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रोजेक्ट्समध्ये हे कॉम्बिनेशन बंद केलं, सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसने रिअ‍ॅक्ट सोडायची घोषणा केली, आणि त्याच महिन्यात रिअ‍ॅक्ट १६ एमआयटीखाली आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण एमआयटीमध्ये पेटंट हा शब्दच नाही. परवानगी त्यात गृहीत आहे असं बरेच वकील मानतात, पण स्पष्ट लिहिलेलं काही नाही, आणि मला लिहिलेलं असलेलं आवडतं. म्हणून दोन लायब्ऱ्या सारख्याच चांगल्या असतील तर मी अपाचीवाली उचलतो. आणि रेपोच्या (प्रोजेक्टचा कोड ठेवलेली जागा) रूट फोल्डरमधली प्रत्येक टेक्स्ट फाइल उघडतो, कंटाळा आला तरी.

बाकीच्या थोडक्यात. सीसीझिरो, म्हणजे कॉपीराइट सोडून देणारं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स, कोडला लावू नका, त्यात पेटंटचे हक्क सोडलेले नाहीत असं चक्क लिहिलंय, फेडोरा या लिनक्सवाल्यांनी २०२२ मध्ये कोडसाठी ते घेणं बंद केलं. अपाची २.० चा कोड फक्त जीपीएल २ हे लायसन्स असलेल्या कोडमध्ये मिसळू नका, पेटंटच्या अटीच आड येतात, जीपीएल ३ असेल तर चालतं.

वापरत असलेल्या कोडवरच तुम्ही पेटंटचा दावा लावला की परवानगी जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, काय काय जातं ते मात्र कुणी वाचत नाही. अपाचीत त्या कोडपुरती पेटंटची परवानगी जाते, कॉपीराइटची राहते. मोझिलाच्या एमपीएल २.० लायसन्समध्ये दोन्ही जातात. उलट समोरच्याने आधी कोर्टात खेचलं म्हणून तुम्ही प्रतिदावा केलात, तर अपाचीत तोही धरतात, एमपीएलमध्ये तो वगळलाय. तुमच्या कंपनीकडे स्वतःची पेटंट्स असतील तर हा फरक लीगल टीमला आधीच दाखवा.

आणि त्याच कंपनीतून अपाची प्रोजेक्टला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणार असाल तर लीगलकडे विचारणा पहिल्या पुल रिक्वेस्टच्या (बदल घ्या अशी विनंती) आधी करा, मर्ज झाल्यावर नाही. त्या पॅचमध्ये तुमच्या कंपनीचं पेटंट येत असेल तर त्याची परवानगी जगभरातल्या युजर्सना फुकट दिली गेली, आणि मॅनेजरचं मत बदललं म्हणून ती परत घेता येत नाही.